काढलेली कंदमुळं लवकर नासू नयेत म्हणून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत स्वयंपाकघरात दोन किलो बटाटे ठेवणारे असतात, तसेच अख्ख्या शेतातलं गाजर एकदम निघालेलेही असतात. उत्तरं दोघांनाही उपयोगी पडावीत अशी लिहिली आहेत. तापमान सगळीकडे सेल्सियसमध्ये आहे. ‘दमटपणा’ म्हणजे हवेतली सापेक्ष आर्द्रता. ज्याचं उत्तर आधीच्या प्रश्नात येऊन गेलं, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कंद मातीतून उपटला की तो मेलाच ना? मग ‘खराब होतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

मेलेला नसतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. काढलेला बटाटा किंवा गाजर श्वास घेत असतं. साठवलेली साखर आणि पिष्ट जाळतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उष्णता बाहेर पडते. पानं गेली, मुळांचं पाणी तुटलं, म्हणजे आवक बंद आणि खर्च चालू. हा खर्च चार वाटांनी होतो: सालीतून पाणी उडून कंद सुकतो, श्वसनातून आतला साठा झिजतो, झोप संपली की कोंब फुटतात, आणि जिथे साल फाटली तिथून बुरशी किंवा जिवाणू शिरून सड लागते.

तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून थंडावा लागतो. पण फार थंडीनेही काही कंद मरतात, आणि मेलेला कंद तर फारच लवकर सडतो. कंदाला मरू द्यायचं नाही आणि जागं होऊ द्यायचं नाही, एवढंच साठवणुकीचं काम. पुढची सगळी उत्तरं याच्याच तपशिलात जातात.

२. गाजर, बटाटा, रताळं, आलं या सगळ्यांना एकच पद्धत चालत नाही का?

नाही. सगळं एका कोपऱ्यात एकत्र रचणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

गाजर, बीट, मुळा, सलगम ही थंड हवामानातली मंडळी. त्यांना ० अंशाच्या जवळपास आणि ९५ टक्क्यांहून जास्त दमटपणा मानवतो. तसं मिळालं तर पाला काढलेलं पक्व गाजर ७ ते ९ महिने टिकतं, बीट ४ ते ६ महिने. मुळा मात्र त्याच हवेत ३ ते ४ आठवड्यांवर जात नाही.

रताळं, आलं, कोनफळ ही उष्ण प्रदेशातली. यांना साधारण १२ अंशांखाली थंडी बाधते. रताळ्याला १३ ते १५ आणि आल्याला १२ ते १४ अंश योग्य. थंडी बाधलेलं रताळं बाहेरून लगेच कळत नाही. बाहेर आणल्यावर डाग पडतात, शिजवलं तरी मधला गाभा टणकच राहतो आणि सड पटकन लागते.

बटाटा या दोघांच्या मधला. बियाण्याचा २ ते ४ अंशांवर, खाण्याचा ४ ते ७ च्या आसपास, आणि तळून वेफर करायचा असेल तर ८ ते १२ वर. एकाच पिकाला तीन तापमानं का, ते प्रश्न ७ मध्ये आहे. कसावा (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) या कुठल्याच गटात बसत नाही. त्याला प्रश्न १६ स्वतंत्र दिला आहे.

शीतगृह नसलं तर हे आकडे तंतोतंत साधणार नाहीत. तरी कुठला कंद घरातल्या सगळ्यात गार जागी आणि कुठला नुसत्या सावलीत, एवढं त्यावरून ठरवता येतं.

३. काढणीच्या वेळी काय सांभाळलं तर पुढे कमी नासाडी होते?

साठवणीतली बरीचशी सड शेतातूनच येते, म्हणून इथे जरा थांबू.

बटाट्याचं पाणी काढणीआधी १० ते १५ दिवस तोडावं आणि पाला कापून टाकावा. तेवढ्या दिवसांत साल पक्की होते. खात्री करायला एक बटाटा उकरून अंगठ्याने जोरात चोळा. साल सरकली तर अजून थांबा. चिखलात काढणी करू नका. ओल्या मातीबरोबर सडीचे जिवाणू चिकटून येतात आणि ओल्या सालीची छिद्रं उघडी असतात. जमीन वाफशावर (ना चिखल, ना कोरडी, नुसती ओलसर) असताना काढलेला माल वेगळाच टिकतो. उलट अगदी कोरड्या, ढेकळांच्या जमिनीत ढेकळंच कंदाला ठेचतात.

कुदळ झाडाच्या बुंध्यापासून लांब मारा. कंद टोपलीत फेकू नका. एका हातापेक्षा कमी उंचीवरून सोडा. बटाट्याला बसलेला मार बाहेरून दिसत नाही, दोन दिवसांनी सालीखाली काळा डाग होऊन वर येतो. रताळ्याची साल तर नखानेही निघते. भरलेल्या पोत्यावर बसून विश्रांती घेणं हा सगळीकडचा आवडता प्रकार आहे, तेवढा टाळा.

काढलेला माल उन्हात पडू देऊ नका. कापलेले, भोकं पडलेले, खरचटलेले कंद तिथेच वेगळे करा आणि आधी वापरा.

४. साठवण्याआधी धुवावं का?

शक्यतो नाही. पाण्याने एका सडक्या कंदाचे जिवाणू शंभरांना लागतात, आणि खोलगट डोळ्यांत राहिलेली ओल दिवसेंदिवस सुकत नाही. कोरडी माती हाताने किंवा मऊ फडक्याने झटकावी. धुणं वापरण्याच्या आधी.

अपवाद गाजर आणि मुळ्याचा. ते थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्याने धुऊन लगेच गार जागी जाणार असतील तर चालतं, कारण त्यांना दमट हवाच हवी असते. धुऊन पुन्हा उबदार खोलीत ठेवणार असाल तर न धुतलेलं बरं.

५. ‘क्युअरिंग’ म्हणजे काय? आम्ही दोन दिवस उन्हात वाळवतो, तेच ना?

ते नव्हे, जवळजवळ त्याच्या उलट.

क्युअरिंग म्हणजे जखमा भरून येऊ देणं. काढताना प्रत्येक कंदाला लहान-मोठ्या जखमा होतातच. योग्य ऊब आणि भरपूर दमटपणा मिळाला तर जखमेच्या तोंडाशी बुचासारखा नवा थर तयार होतो. तो पाणी आत ठेवतो आणि बुरशी बाहेर. उन्हात टाकलं तर जखमेवरच्या पेशी हा थर तयार होण्याआधीच वाळून मरतात. वरून खपली दिसते, पण खाली दार उघडंच.

बटाट्याला १२ ते १८ अंश आणि सुमारे ९० टक्के दमटपणात १० ते १५ दिवस द्यावेत. रताळ्याला २९ ते ३२ अंश आणि ८५ ते ९५ टक्के दमटपणात ४ ते ७ दिवस. कोनफळालाही जवळपास तसंच. रताळं या काळात गोडही होतं, कारण पिष्टाची साखर होऊ लागते. ताजं उपटलेलं रताळं सपक लागतं त्याचं कारण हेच. साधनं नसतील तर सावलीत कोरड्या गवतावर कमी उंचीचा ढीग करा आणि वरून गवत किंवा गोणपाट घाला. कंदांची स्वतःची ऊब आणि वाफ आत राहते. दिवसातून एकदा हात घालून पाहा: आत कोमट आणि दमट हवं, ओलं चिंब नको. पाण्याचे थेंब दिसले तर आच्छादन थोडं उघडा.

गाजर, बीट, मुळा यांना हे काही लागत नाही. काढल्यापासून जितक्या लवकर गार होतील तितकं चांगलं.

माझ्याकडे फक्त एकच गोष्ट नीट करायला वेळ आहे, असं कुणी विचारलं तर मी बटाटा-रताळ्यासाठी हीच सांगेन. पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात जखम भरली नाही तर पुढे महागडं शीतगृहही फारसं वाचवत नाही.

६. गाजर-मुळ्याची पानं तशीच ठेवली तर ताजी राहतात ना?

दिसायला ताजी वाटतात, पण पानं मुळातलंच पाणी ओढून उडवत असतात. पाल्यासकट गाजर दोनेक आठवडेही कसंबसं जातं. पाला लगेच कापा. गाजराचा माथा मात्र कापू नका, पानं मुळाशी सपाट कापली की पुरे. बिटाला २ ते ३ सेंटिमीटर देठ राखा आणि खालची शेपटीही ठेवा. तिथे कापलं की रंग आणि रस गळतो. पानं वेगळी ठेवून एक-दोन दिवसांत खाऊन टाकावीत.

७. बटाटा फ्रिजमध्ये ठेवावा की ठेवू नये? दोन्ही ऐकलंय.

दोन्ही ऐकलंय कारण दोन्हींत तथ्य आहे.

साधारण ६ ते ७ अंशांच्या खाली बटाटा आपल्या पिष्टाची साखर करू लागतो. उकडून, रस्स्यात घालून खायचा असेल तर यात बिघडत काही नाही, थोडा गोडसर लागतो. तळायचा किंवा भाजायचा असेल तर ती साखर आणि बटाट्यातलं अॅस्परजिन नावाचं अमिनो आम्ल एकत्र येऊन रंग लवकर काळपट होतो आणि कर्करोगाला कारण ठरू शकेल अशी शंका असलेलं अॅक्रिलामाइड जास्त तयार होतं. तळलेल्या-भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत हे रसायन असतं हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी जाहीर केलं, आणि तेव्हापासून ‘फ्रिज नको’ हा सल्ला सगळीकडे पसरला. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने मात्र २०२३ मध्ये आपला सल्ला बदलला आणि घरगुती वापराचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही असं सांगितलं.

आमचं मत असं: गार, काळोखी, हवेशीर जागा असेल तर तीच उत्तम. खोलीच ३० अंशांच्या वर तापत असेल तर कोंब येऊन सडण्यापेक्षा फ्रिज बरा, फक्त ते बटाटे तळू नका. वेफरसाठीच हवे असतील तर १५ ते २० अंशांवर दोन-तीन आठवडे बाहेर ठेवा. साखर बरीचशी उतरते. जुन्या मालात मात्र ती पुरती उतरत नाही. आणि फ्रिजच्या मागच्या भिंतीला लागून गोठलेला बटाटा कशानेच परत येत नाही.

८. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवले तर काय बिघडतं?

दोघांच्या गरजा उलट. बटाट्याला दमट हवा लागते. कांदा हे मूळ नसून पानांचा गड्डा आहे, त्याला ६५ ते ७० टक्के इतकीच आर्द्रता मानवते. दमट हवेत त्याला मुळं फुटतात आणि माना सडतात. श्वास घेणाऱ्या बटाट्यांची वाफ शेजारच्या कांद्यालाच लागते.

कांद्याची आणखी एक गंमत: तो ० अंशाजवळ टिकतो आणि २५ ते ३० अंशांवर हवेशीर चाळीतही टिकतो, पण मधल्या १० ते २० अंशांत त्याला कोंब लवकर येतात. म्हणजे बटाट्याला आवडणारी गार खोली कांद्याला नेमकी नडते.

९. बटाट्यात सफरचंद ठेवलं की कोंब येत नाहीत, हे खरं का?

अर्धं खरं. पिकणारं सफरचंद इथिलीन वायू सोडतं. हा वायू सतत आणि पुरेसा मिळत राहिला तर कोंबांची वाढ दबते, काही मोठ्या साठवणगृहांत मुद्दाम तसा सोडतातही. पण थोडा वेळ मिळून थांबला तर उलट झोप लवकर मोडते. टोपलीतल्या एका सफरचंदाने यातलं काय होईल ते सांगता येत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

गाजराजवळ मात्र सफरचंद, केळी, पिकलेली कुठलीच फळं ठेवू नका. इथिलीनमुळे गाजरात कडू द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. ‘गाजर कडू का झालं’ असं विचारणाऱ्यांनी आधी त्याचा शेजार तपासावा.

१०. हिरवा पडलेला बटाटा सोलून खाल्ला तर चालतो का?

हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो स्वतः निरुपद्रवी. पण ज्या उजेडाने तो आला त्याच उजेडाने सोलानिन आणि चॅकोनिन ही विषारी द्रव्यंही सालीत वाढतात. उलटी, पोटदुखी, जुलाब ही त्यांची लक्षणं. उकळून किंवा तळून ती नष्ट होत नाहीत.

एखादा लहान हिरवा ठिपका असेल तर तो भाग आजूबाजूच्या सालीसकट जाड कापून टाका. बराच भाग हिरवा असेल किंवा तुकडा चाखल्यावर कडू, घशाला लागणारा वाटला, तर अख्खा टाका. पुन्हा काळोखात ठेवून विष उतरत नाही. ट्यूबलाइटचा उजेडही पुरेसा असतो, म्हणून पारदर्शक पिशवी नको. गोणपाट किंवा कागदी पिशवी घ्या.

११. कोंब आलेला बटाटा?

कंद टणक असेल आणि कोंब लहान असतील, तर कोंब मुळापासून खोल खणून काढा आणि वापरा. लांब कोंब आणि सुरकुतलेला, मऊ कंद असेल तर टाका; कोंबांत तीच द्रव्यं सगळ्यात जास्त असतात (प्रश्न १०). रताळ्याच्या कोंबात ही अडचण नाही, फक्त चव आणि पोत उतरतो. आल्याचा कोंब निर्धास्त खा.

१२. वाळूत पुरून ठेवायची पद्धत नेमकी कशी करायची? आमची गाजरं वाळूतही सडली.

बहुतेक वेळा वाळू फार ओली असते. मूठभर वाळू दाबून पाहा: गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी येऊ नये. खोक्याच्या तळाशी चार बोटं वाळू, त्यावर गाजरं एकमेकांना न लागतील अशी आडवी, पुन्हा वाळू, असे थर द्या. न लागू देण्याला महत्त्व आहे. एक सडलं तरी वाळूची भिंत सड पुढे जाऊ देत नाही. धुतलेली, समुद्राची नसलेली वाळू घ्या. खोकं घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा, कारण वाळू ओलावा धरते, गारवा तयार करत नाही. ३० अंशांच्या खोलीतल्या दमट वाळूत गाजराला बारीक पांढरी मुळं फुटतात आणि मग ते सडतंच. तशा हवेसाठी पुढचा प्रश्न पाहा.

बीट, सलगम, मुळा यांना हीच पद्धत. बटाट्याला आणि रताळ्याला ओली वाळू नको. आलं जेमतेम दमट वाळूत चांगलं राहतं.

१३. वीज नाही, शीतगृह नाही, आणि उन्हाळा. काही करता येतं का?

हवा कोरडी असेल तर बरंच करता येतं. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्याचाच उपयोग. भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झालेला शून्य ऊर्जा शीतकक्ष याच तत्त्वावर चालतो: विटांच्या दोन भिंती, त्यांमध्ये सुमारे ७.५ सेंटिमीटर फट, फटीत वाळू, वर गवताचं झाकण आणि सावलीसाठी छप्पर. वाळू आणि विटा सकाळ-संध्याकाळ ओल्या करायच्या. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी खाली येतं आणि दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास राहतो. घरच्या मापात हवं असेल तर एका मातीच्या भांड्यात दुसरं ठेवून मधे ओली वाळू भरा. नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह आब्बा यांनी १९९० च्या दशकात अशी जोडभांडी गावोगाव पोहोचवली.

गाजर, मुळा, बिटाला ही पद्धत फार चांगली. कांदा-लसणाला अजिबात नको. आणि पावसाळी दमट हवेत तिचा उपयोग जवळपास शून्य होतो, कारण पाणी उडतच नाही. तिथे सावली, वारा आणि कमी उंचीचे ढीग यांवरच भागवावं लागतं.

१४. जमिनीत खड्डा करून किंवा ढीग मातीने झाकून ठेवणं सुरक्षित आहे का?

थंड हवामानात ही जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. उंचवट्याची, पाणी न साचणारी जागा, तळाशी पेंढा, त्यावर कंदांचा ढीग, वर वीतभर पेंढा आणि त्यावर माती. भोवती चर काढायचा, माथ्यावर पेंढ्याची एक चिमणी ठेवायची म्हणजे वाफ आणि उष्णता निघून जाते. चिमणी न ठेवलेले ढीग आतून शिजल्यासारखे होतात.

माणूस उतरेल एवढं खोल तळघर किंवा खड्डा असेल तर एक इशारा गांभीर्याने घ्या. बंद जागेत श्वास घेणारे, त्यातही सडणारे कंद प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साठवतात. हा वायू जड असल्याने तळाशी राहतो. उतरण्याआधी दार बराच वेळ उघडं ठेवून हवा खेळू द्या, एकट्याने उतरू नका. खाली कुणी कोसळलं तर त्याच्या मागोमाग उडी मारू नका.

१५. पोत्यातला एक सडला की सगळे सडतात. हे थांबवायचं कसं?

आधी सड ओळखा. पिचपिचीत, दुर्गंधी, पाणी गळणारी सड असेल तर ती जिवाणूंची. तिचं पाणी खालच्या थरांवर गळतं आणि सड पळते. असे कंद ताबडतोब काढा, त्यांना लागलेले ओले कंदही वेगळे करून वाळवा आणि आधी वापरा. कोरडी, सुरकुतलेली, आत पोकळी आणि पांढरी-गुलाबी बुरशी असलेली सड जखमेतून शिरते आणि सावकाश चालते. तिचं मूळ काढणीत असतं (प्रश्न ३ आणि ५). रताळ्यावर काळपट केसाळ बुरशी आणि आंबूस वास असेल तर ती दोन-चार दिवसांत अख्खं रताळं मऊ करते.

पाला करप्याने गेलेल्या शेतातले बटाटे कधीच लांब साठवणीत घालू नका. आयर्लंडमध्ये १८४५ साली काढताना धड दिसलेले बटाटे खड्ड्यांत ठेवल्यावर सडले, ते याच करप्याने. अशा शेतात पाला कापून दोनेक आठवडे थांबा, मग काढा. लागण झालेले कंद तोवर स्वतःच ओळखू येतात.

आणि शीतगृहातून आणलेली पोती लगेच उघडून रचू नका. गार कंदाला घाम सुटतो, तो घाम सडीला पुरेसा असतो. सावकाश, वाऱ्यावर कोमट होऊ द्या.

१६. कसावा दोन दिवसांतच आतून निळा-काळा पडतो. काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही, हा कंदच तसा आहे. काढल्यावर २४ ते ७२ तासांत त्याच्या नसांमध्ये निळसर-काळ्या रेषा उमटतात. ही सड नव्हे. जखम झाल्यावर आतच सुरू होणारी प्राणवायूची प्रक्रिया आहे. जिवाणू-बुरशीची खरी सड काढणीनंतर पाच-सात दिवसांनी येते.

लांबवण्याचे उपाय असे. काढणीआधी दोन-तीन आठवडे झाडाचा वरचा भाग छाटा, हातभर खोड ठेवा. असे कंद एक-दोन आठवडे तग धरतात. काढताना देठाचा तुकडा कंदाला राहू द्या, कारण देठाशी तुटलेल्या जखमेतूनच काळेपणा सुरू होतो. खोक्यात दमट लाकडी भुशात थर देऊन ठेवले तर महिनाभर जातात. दूर पाठवायचे कंद मेणात बुडवतात, प्राणवायू तुटतो आणि ते एक-दोन महिने टिकतात. यातलं काही जमत नसेल तर त्याच दिवशी सोलून गोठवा, किंवा पातळ चकत्या करून ओलावा १४ टक्क्यांखाली येईपर्यंत वाळवा. कडू जातींतलं सायनाइडजनक द्रव्य साठवून जात नाही. किसणं, भिजवणं, वाळवणं, शिजवणं हे सगळं तरीही करावंच लागतं.

१७. रताळ्याला किडीने भोकं पाडली आहेत. किडका भाग काढून उरलेलं जनावरांना घालू का?

नको. भुंग्याने पोखरलेलं किंवा बुरशी लागलेलं रताळं स्वतःच्या बचावासाठी कडू द्रव्यं तयार करतं. त्यांतलं एक इपोमिआमेरोन. काही बुरशी त्यांपासून पुढे फुप्फुसांना घातक विष बनवतात. बुरशीचं रताळं खाऊन गुरांना धाप लागून ती दगावल्याच्या नोंदी आहेत. शिजवूनही कडूपणा जात नाही. अशी रताळी खोल पुरा, शेताच्या कडेला फेकू नका. भुंगा तिथूनच पुढच्या पिकात येतो.

१८. मग काढायचंच नाही, जमिनीतच राहू दिलं तर?

पिकावर अवलंबून आहे. कसावा काही महिने जमिनीत राहतो, पण हळूहळू धागेदार होतो आणि पिष्ट उतरतं. थंडीत गाजर राहतं, ऊब आली की फुलावर जाऊन लाकडासारखं होतं. मुळा अजिबात थांबत नाही, आतून कापसासारखा पोकळ होतो. रताळं कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत ठेवणं म्हणजे भुंग्याला आमंत्रण. भेगांतूनच तो खाली उतरतो.

१९. कोंब रोखायची औषधं, किरण वगैरे घातक असतात का?

क्लोरप्रोफॅम हे औषध कित्येक दशकं वापरात होतं. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवली नाही. इतर अनेक देशांत ते अजून वापरतात, म्हणून जिथे राहता तिथला नियम पाहा. पुदिन्याच्या जातीतलं स्पिअरमिंट तेलही कोंब जाळतं, पण ते उडून जातं आणि पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

गॅमा किरणांची मात्रा कोंब रोखण्यासाठी फार थोडी लागते, ०.१५ किलोग्रेच्या आत (किलोग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). त्याने बटाटा किरणोत्सारी होत नाही. क्लोरप्रोफॅम आणि किरण या दोन्ही उपायांत एक व्यावहारिक मेख आहे: त्यांनी पेशींची वाढच थांबते, म्हणून जखमाही भरत नाहीत. आधी क्युअरिंग, मग हे. आणि असा बटाटा बियाणं म्हणून कधीच वापरू नका.

२०. तुम्ही काळोख सांगता, आणि बियाण्याचे बटाटे तर उजेडात ठेवायला सांगतात!

बरोबर पकडलंत. खाण्याच्या बटाट्याला उजेड विष, बियाण्याच्या बटाट्याला शीतगृह नसताना उजेड औषध. काळोखात कोंब लांब, पांढरे, ठिसूळ होतात आणि लागवडीत मोडतात. सावलीतल्या पसरट उजेडात ते आखूड, जाड, हिरवे राहतात आणि कंद कमी झिजतो. लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने ही पद्धत अनेक देशांतल्या शेतकऱ्यांपर्यंत नेली. फळ्यांवर एक-दोन थर, थेट ऊन नको, मावा शिरू नये म्हणून जाळी. हे कंद हिरवे होतात, म्हणून चुकूनही स्वयंपाकात जाऊ देऊ नका.

२१. लिबलिबीत झालेलं गाजर पाण्यात ठेवलं की ताठ होतं. ते खावं का?

वास चांगला असेल, चिकट नसेल तर खुशाल. फक्त पाणी गेलेलं असतं, ते परत येतं. ५ ते १० टक्के वजन पाण्यात गेलं की गाजर वाकू लागतं. ताठ केलेलं गाजर मात्र पुन्हा साठवू नका, त्याच दिवशी वापरा. गाजर फ्रिजमध्ये छिद्रं पाडलेल्या पिशवीत ठेवलं तर ही वेळ उशिरा येते. पूर्ण बंद पिशवीत आत थेंब जमून चिकटपणा येतो, पिशवीच नसेल तर आठवड्यात सुरकुततं.

२२. बाहेरून बटाटा ठणठणीत, कापला तर मधोमध काळा, वासही नाही. हा कुठला रोग?

रोग नाही, तो गुदमरलेला असतो. उंच ढिगात, घट्ट बंद पोत्यात किंवा तापलेल्या वाहनात श्वसन वाढतं आणि प्राणवायू गाभ्यापर्यंत पोहोचत नाही. मधल्या पेशी मरतात आणि काळ्या पडतात. काळा भाग कापून उरलेला लगेच वापरता येतो. मऊ पडला असेल किंवा वास आला तर टाका. ढिगातल्या चार-पाच बटाट्यांत हे दिसलं तर बाकीचेही तसेच असू शकतात. ढीग मोडून मीटरभर उंचीपर्यंत आणा आणि तळाशी हवा शिरायला जागा करा. प्लॅस्टिकचं कापड पोत्यांवर चारही बाजूंनी खोचलेलं असेल तर ते आधी काढा.